दमणीला जुंपायची मोटार

"तोंड उघडा! आधी तिचं तोंड उघडा म्हणतो म्या!"

मन्मथअप्पा ओरडत होते. धाराशिवात, कोर्टामागच्या आळीत, भर दुपारी. समोर गावातले एक नाणावलेले वकीलसाहेब उभे आणि दोघांच्या मधे वकीलसाहेबांची विकाऊ मोटार. अप्पांच्या खांद्यावर पंचा, आणि मोकळ्या हातानं ते मोटारीच्या नाकाडावर अशा थापा हाणत होते, की लिंबावरचे कावळे उडाले ते तुळजापूरच्या रस्त्याला लागूनच थांबले.

"अहो, मोटारीला तोंड कुठलं?" वकीलसाहेब म्हणाले.

"मग खाती कुठनं?"

ह्या मुद्द्यावर वकीलसाहेबांना उलटतपासणी सुचली नाही. त्यांनी मुकाट बॉनेट उघडलं. अप्पांनी आत डोकं खुपसलं आणि आतूनच निकाल दिला, "चारदाती हाय. पर दात काळं पडल्यात. तंबाखू खाती का काय?"

दात म्हणजे प्लग, हे मी वकिलांच्या कानात सांगितलं. तोवर अप्पांनी मोटारीच्या पाठीवरनं हात फिरवला. चांगल्या जनावराचं कातडं हात लागताच थरथरतं. हिचं थरथरलं नाही. मग वाकून चारी टायर खूर तपासावेत तसे तपासले. दारावर गंजाचा एक गोल डाग होता, त्याच्याकडं, बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा बघावा तसं बघून "भोवरा वाईट जागी हाय" म्हणाले. आणि मी "अप्पा, नको, नको" म्हणेपर्यंत मागं जाऊन त्यांनी तिचं शेपूट पिरगाळलं.

शेपूट म्हणजे धुराची नळी. मोटार नुकतीच फिरून आली होती.

अप्पांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून आत कोर्टात उभ्या असलेल्या एका आरोपीनं म्हणे जागच्या जागी गुन्हा कबूल केला. बिचाऱ्याचा गुन्हा नव्हताच, असंही पुढं ऐकलं.

"लाथ मारती!" हात फुंकत अप्पा म्हणाले. "पर लाथंचं काय न्हाय. लाथाळ जनावर ओढायला बरं असतंय. किंमत?"

वकिलांनी किंमत सांगितली. मोठ्यानं. अप्पा दचकले आणि त्यांनी मोटारीकडं बघितलं. "अवं हळू! तिच्या म्होरं सांगत्यात व्हय?"

हे मन्मथअप्पा तेरचे. मीही तेरचाच, आणि आमच्या दोन घरांत मिळून भिंत एक. निजामाचं राज्य गेलं, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. एवढी राज्यं बदलली तरी आमच्या भिंतीची पोपडं काढायला कुणाला सवड झाली नव्हती. त्या भिंतीतनं अप्पांच्या घरातली सुईसुद्धा पडलेली मला ऐकू यायची, आणि माझ्या घरातलं ताट पडलं की अप्पा पलीकडून विचारायचे, "डायवर, भाजी सांडली का रं?"

मला ते डायवर म्हणत. मी सोलापुरात एका मालमोटारीवर काही महिने क्लीनर होतो, आणि ड्रायव्हर जेवायला बसला की गाडी सावलीत घ्यायचं काम माझ्याकडं होतं. एवढ्या भांडवलावर मी तेरमधला मोटारीचा सगळ्यात मोठा जाणकार होतो. दुसरा कुणी नव्हताच.

अप्पांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण बैलातलं जे कळायचं, ते बैलालाही कळत नसेल. बाजारात नुसते उभारले तरी दलालांना घाम फुटायचा. एकदा एका खोंडाकडं बघून म्हणाले, "ह्याची आजी लंगडी हुती." मालकानं खवळून चौकशी केली. आजी लंगडी होती; शिवाय, ही गोष्ट मालकाच्या घराण्यात तीन पिढ्या लपवून ठेवलेली निघाली. अप्पांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य ते दिवसातनं जेवणाआधी, जेवणानंतर आणि जेवता जेवता म्हणायचे: "पहिलं पाऊल बघा! चालतंय कुणीबी. उभारल्या जागंवरनं हालतंय कसं, ती जात."

अशा माणसानं साठी गाठल्यावर मोटार घ्यायची म्हणावं, आणि तीही कशाला? तर दमणीला जुंपायला.

दमणी म्हणजे आमच्याकडची सवारीची हलकी बैलगाडी. वर टप, मागं पडदा, आत गादी. अप्पांनी ह्या दमणीची लाकडी चाकं काढून मोटारीची हवेची चाकं बसवली, लोहाराकडनं दांडीच्या टोकाला लोखंडी कडी घडवून घेतली, आणि आता ती कडी ज्या मोटारीच्या बुडाला अडकवायची ती मोटार शोधत ते जिल्हाभर हिंडत होते. दमणी सोबत घेऊन. म्हणजे बैलांनी दमणी ओढत धाराशिवला न्यायची, तिथं बैल सोडायचे, मोटार जुंपायची, मोटार नापास झाली की परत तेच बैल. प्रत्येक वेळी बैल बाजूला रवंथ करत उभे राहायचे आणि मोटारीकडं असं बघायचे, जशी जुनी सासू नव्या सुनेची पहिली भाकरी बघते.

परीक्षाही जगावेगळी. दमणीच्या गादीवर एक पांढरा धुवट पंचा अंथरायचा. त्याच्यावर तांब्याची कळशी, पार ओठापर्यंत भरलेली. मोटारीनं दमणी घेऊन वेशीपर्यंत जाऊन यायचं. मग अप्पा आत वाकून पंच्याला, ताप बघावा तसा, उलटा हात लावणार. ओला लागला की "बाद!"

वकीलसाहेबांची मोटार वेशीपर्यंत गेलीच नाही. जागची हलतानाच असा हिसका बसला की अर्धी कळशी गादीत आणि अर्धी वकीलसाहेबांच्या कारकुनाच्या टोपीत.

"बाद!" अप्पा म्हणाले. "पहिलं पाऊल बघितलं का डायवर? सासरला निघाल्यागत टाकलं."

आम्ही बैल जुंपले आणि परतलो.

गावानं ह्याचे अर्थ लावायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, अप्पा सोलापूरला तूप न्यायचा धंदा काढणार. कुणी म्हणालं, निवडणुकीला उभारणार, दमणीत बसून हात जोडणार. बहुतेकांचं मत पडलं की डोकं फिरलं. त्याला पुरावाही होता. गेल्या काही वर्षांत अप्पांनी बैलांच्या चार जोड्या बदलल्या होत्या. एकेक जोडी अशी, की बघायला परगावची माणसं यायची. आणि अप्पा ती दोन-चार महिने दमणीला जुंपून बघायचे आणि विकून टाकायचे. का विकली विचारलं तर म्हणायचे, "मान हालवत्यात."

आता बैल मान नाही हलवणार तर काय कान टोचून घेणार?

घरातनं पाठिंबा म्हणावा, तर अप्पांच्या बायकोचा, सुगलाकाकूंचा, आवाज आमच्या भिंतीतनं यायचा तो असा:

"मोटार आणताय म्हणं?"

"आणतो."

"सायकल तरी येती का तुमाला?"

"सायकलीला दात नसत्यात. म्या तोंड बघितल्याबिगर काय घेत न्हाय."

"मला आणताना बघितलं हुतं का?"

"तवाच बघाया पायजे हुतं."

मग तांब्या आपटल्याचा आवाज. तांब्या लांब जात नसे, कारण काकू बाजेवरनंच फेकायच्या. बऱ्याच वर्षांपूर्वी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, कुरडया वाळत घालताना त्यांचा पाय घसरला आणि त्या अंगणात पडल्या. कंबर गेली. सोलापूरचे डॉक्टर झाले, हाडवैद्य झाले, तेल झालं, लेप झाले. बसता येईना ते येईनाच. कुशीवर वळायचं तरी दोघं लागायची. कंबर गेली पण आवाज शाबूत होता. सुरुवातीला गाव भेटायला गेलं, हळहळलं, आणि मग गावाची सवय असते तसं विसरून गेलं. काकू म्हणजे आतल्या खोलीतला आवाज, एवढंच राहिलं.

आणि तो आवाज थांबायचा नाही. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, कोंबडा आरवायच्या आधी म्हणू नका. ह्या दोघांचं भांडण चालूच. विषयाला तोटा नव्हता. लग्नात मानपानाला आणलेला फेटा आखूड होता, काकूंच्या भावानं नेलेली अप्पांची छत्री परत आली नव्हती. ती छत्री तर मी जन्माला यायच्या आधी गेली होती, पण रोज भिजायची. माझी बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्या म्हाताऱ्यांना झोप म्हणून कशी येत न्हाय वं?"

मी म्हणायचो, "भांडायला ताकद लागते, ती झोपेतनं वाचवत असतील."

असो. वकिलांनंतर एका जुन्या जहागीरदारांची मोटार निघाली. जहागिरी गेली, मोटार राहिली होती. अमेरिकन, आणि एवढी लांब की पुढचा दिवा धाराशिवात लावला तर मागचा तेरमध्ये पेटायला थोडा वेळ लागायचा. हिसका मुळीच नव्हता. पण चालायला लागली की बाई डुलायची. हिंदोळ्यावर बसल्यासारखी उजवीकडं, डावीकडं. दमणी मागनं तशीच. पंचा दोन्ही कडांनी सारखा भिजला.

"बाद," अप्पा म्हणाले. "पाऊल चांगलं हाय, पर अंगात येतंय."

मग आली येडशीच्या ठेकेदाराची जीप, आणि ती गोष्ट आजही तेरमध्ये सांगतात. मी सांगतो त्यापेक्षा वाढवून सांगतात, म्हणून मीच खरं काय ते सांगतो.

ठेकेदाराच्या कानावर गेलं होतं की तेरच्या अप्पांना ओढणारी मोटार पाहिजे. मिलिटरीच्या लिलावातली जीप त्याच्याकडं होती. तो गडी वाजत गाजत जीप घेऊन तेरला आला. आता आमच्याकडं बैलाची ताकद बघायची रीत अशी: गाडीत पोती भरायची, चाकं साखळीनं आवळून टाकायची म्हणजे फिरणार नाहीत, आणि मग बैलाला ओढ म्हणायचं. जो फरफटत नेईल तो खरा. अप्पा शेतातनं यायच्या आतच गावानं दमणीत ज्वारीची पोती घातली, चाकं आवळली, जीपच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, आणि कुणीतरी तिच्या पुढं पेंडीचं घमेलंही ठेवलं. सगळ्यात वर, परीक्षेचा मान म्हणून, पंचा अंथरून भरलेली कळशी.

जीप गुरगुरली आणि सुटली! बांधल्या चाकांनी दमणी अशी फरफटत गेली की रस्त्यात दोन चर पडले. त्या साली ग्रामपंचायतीला वेगळी गटारं काढावी लागली नाहीत. गुलाल उडाला. लोकांनी ठेकेदाराला खांद्यावर घेतलं. आणि कळशी? ती पहिल्याच हिसक्याला मागच्या पडद्यातनं सुटली आणि चावडीच्या कट्ट्यावर पान लावत बसलेल्या पोलीस पाटलांच्या मांडीत जाऊन बसली. रिकामी. पाटील मात्र भरले.

तेवढ्यात अप्पा आले. त्यांनी गुलाल बघितला नाही, चर बघितले नाहीत. दमणीत वाकून पंच्याला हात लावला.

"बाद."

"बाद?" ठेकेदार खांद्यावरनंच किंचाळला. "अप्पा, हत्ती ओढंल ही! हत्ती!"

"मला हत्ती न्यायचा न्हाय," अप्पा म्हणाले, आणि चाकांच्या साखळ्या सोडायला बसले. त्यांचा चेहरा मी जवळून बघितला. नापास झालेल्या पोराच्या बापाचा असतो तसा होता. मी म्हटलं, "अप्पा, सोडा की नाद. एक कळशी पाणी न्यायचंय, ते डोक्यावर न्या. म्या नेतो."

"डोक्यावर न्यायचं आसतं तर कवाच न्हेलं आसतं," ते म्हणाले, आणि साखळी एवढ्या जोरात ओढली की बोट चेमटलं.

शेवटची मोटार धाराशिवातल्या कादरमियाँची. निजामाच्या काळात ते कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते. आता एकटे, एका जुन्या बंगलीत, एक बकरी आणि एक मोटार सांभाळून होते. मोटारीचा रंग कोणता, हे रंगाऱ्यालाही सांगता आलं नसतं. एक दार सुतळीनं बांधलेलं. आणि चालवायचे अशी, की बैलगाडीवाले मागनं ओरडायचे, "मियाँ, बाजूला घ्या!" कुणी हसलं तर कादरमियाँ म्हणायचे, "कायकू जल्दी? कबर कहीं भाग रई क्या?"

ती मोटार मला बघायचीसुद्धा नव्हती. पण अप्पांनी दमणी जुंपली, पंचा अंथरला, कळशी भरली. कादरमियाँ टोपी नीट करून चाकामागं बसले. मी बाजूला उभा राहून मोटार कधी हलते त्याची वाट बघत होतो. बराच वेळ बघितलं. मग ध्यानात आलं की समोर दमणी नाहीच. ती पुढच्या कोपऱ्यावर पोचली आहे.

अप्पा पळत गेले. साठीचा माणूस, धोतर सावरत पळाला. पडदा सारून उलटा हात आत घातला आणि तो हात तसाच आत राहिला. बाहेर काढेनात.

"काय झालं, अप्पा?"

"कोरडा हाय," ते म्हणाले.

पण कादरमियाँ विकायला तयार होईनात. ओसरीवर चहा झाला, पानं झाली, बकरीची चौकशी झाली. "बेचने की चीज नै, अप्पा. नक्को बोलो." अप्पांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नक्को. शेवटी कादरमियाँनी कप खाली ठेवला. "एक बात बोलो. उस डब्बे में बैठनेवाला कौन है? पानी तो नै बैठनेवाला."

अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "डायवर, बकरीला पाला टाकून ये जा."

मी गेलो. म्हणजे खांबाच्या मागं गेलो. शेजारधर्म म्हणून एवढं ऐकावंच लागतं.

"बसायचं न्हाय," अप्पा सांगत होते. "झोपवून न्यायचं हाय. आमच्या कारभारणीला. कंबर न्हाय तिला. मोटारीत आडवी मावत न्हाय, म्या दोरीनं माप घेतलंय. दमणीत मावती. पर बैल कसलाबी आसू द्या, पाऊल टाकलं की मान हालती. मान हालली की जू हालतंय, जू हाललं की आत हाडाला हाड लागतंय. चार जोड्या बघितल्या. रातचं गाव निजल्यावर वेशीपतोर न्हेली की वरडती. मग परत. सारा दिस माळवदाची लाकडं बघत पडती. येडशीची हाय ती. रामलिंगाच्या देवळाभवतीच्या रानात हिंडलेली. ते रान एकडाव दावायचं हाय. झोप न्हाय तिला, ठणका मारतोय. तिनं एकटीनं किती जागायचं? म्हणून म्या भांडतो. भांडलं की जरा इसरती."

मी खांबामागं उभा होतो. इतकी वर्षं जी भांडणं ऐकून मी हसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी पारावर तिखटमीठ लावून सांगितली होती, ती सगळी एकदम उलटी होऊन माझ्यापुढं आली. बकरीनं माझा सदरा खायला घेतला होता, तेही कळलं नाही.

ओसरीवर अप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून हातावर टाकला आणि हात पुढं केला. बैलबाजारात भाव असाच ठरतो: कापडाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. कादरमियाँनी पंच्याखाली हात घातला. बोटं दाबली नाहीत. त्यांनी अप्पांचा हात नुसता धरून ठेवला, बराच वेळ. किती ठरलं ते त्या दोघांना ठाऊक.

मग म्हणाले, "मोटार में कुछ नै है अप्पा. सब पाँव में है. क्लच पर से पाँव ऐसा उठाना, जैसे सोए हुए बच्चे के नीचे से हाथ निकालते. मैं किसके वास्ते सीखा, वो जाने दो. तुम सीखो."

मोटार तेरला आली. ती चालवणार कोण? मी छाती पुढं काढली. अप्पांनी मला दमणीसकट एकदा चालवायला दिली, पंच्याला हात लावला आणि म्हणाले, "बाद." मोटार नव्हे, मी.

म्हणून साठीचे अप्पा स्वतः शिकायला बसले. सकाळी नदीच्या वाटेला मोटार, आणि दुपारी घरात मांजर. काकूंच्या बाजेच्या पायथ्याशी मांजर झोपायचं. अप्पा स्टुलावर बसून पाऊल त्या मांजराखाली सारायचे आणि ते जागं न होता पाऊल काढून घ्यायचा सराव करायचे. पंच काकू. भिंतीतनं मला ऐकू यायचं:

"हाललं! कान हाललं मांजराचं!"

"माशी बसली हुती कानावर."

"माशी न्हाय न् बिशी न्हाय. बाद! पुन्यांदा!"

तेवढ्या काळात ते मांजर गावातलं सगळ्यात जास्त बोचकारणारं जनावर झालं, आणि अप्पांच्या पायाला बोचकाऱ्यांची नक्षी. पण एके दिवशी भिंतीपलीकडनं काकू म्हणाल्या, "निघालं का पाऊल? मला तर दिसलंच न्हाय."

हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी चार बायांनी काकूंना गादीसकट उचलून दमणीत ठेवलं. अप्पांनी टपाला बाजूनं एक खिडकी पाडून घेतली होती, झोपल्या जागेवरनं रान दिसावं अशी बरोबर काकूंच्या डोळ्यांच्या अंतरावर. त्यासाठीही दोरीनं माप घेतलं होतं. "कुठं न्हेताय मला?" काकूंनी विचारलं. "बाजारला. इकायला," अप्पा म्हणाले. "कोण घेतंय!" काकू म्हणाल्या. एवढं बोलणं झालं आणि पडदा पडला.

"कळशी ठेवू का अप्पा?" मी विचारलं.

"आज तिचं काय काम?"

मी शेजारी बसलो आणि अप्पांनी पाऊल उचललं. दमणी हलली कधी, ते दारात उभ्या बायांनाही कळलं नाही. त्या रिकाम्या जागेकडं बघून हात हलवत होत्या.

तेरहून ढोकी, ढोकीहून येडशी. आमचा वेग काय सांगू? तेरहून आमच्या मागनं निघालेली एक शेळी आमच्या पुढं गेली, ढोकीच्या अलीकडं तिला करडू झालं, आणि ते करडू उभं राहून, उड्या मारत, आमच्या पुढं निघून गेलं. दोन्ही अंगाला ज्वारी डोक्याइतकी, मधे करडईची पिवळी शेतं, वर आभाळ असं की धुऊन वाळत घातलंय. मी मनात म्हटलं, बघा काकू, काय बघायचंय ते बघून घ्या.

पण मागनं आवाज येईना.

ढोकी गेली. काकूंचा शब्द नाही. ज्या बाईनं इतक्या वर्षांत घासभर वेळ तोंड मिटलं नव्हतं, ती गप्प. अप्पांची मान ताठ झाली. मागं बघायचं म्हणजे पाय हलणार, थांबायचं म्हणजे हिसका बसणार. ते पुढं बघतच म्हणाले, "डायवर, बोलत का न्हाय रं?"

"रान बघत असतील."

थोडं पुढं गेल्यावर अप्पांनी, पुढंच बघत, मोठ्यानं आवाज टाकला: "तुझ्या भावानं माझी छत्री आजून दिली न्हाय!"

काही नाही.

"आनि तुझ्या बापानं दिलेला फेटा! आखूड हुता!"

चाकांचा आवाज, बास. कपाळावरचा घाम अप्पांच्या मिशीत उतरत होता, पण हात सोडून पुसायची सोय नव्हती. त्यांनी सगळी जुनी भांडणं एकेक करून मागं फेकली, सासऱ्याची म्हैस, मेव्हणीचं लग्न, बिघडलेलं लोणचं, आणि एकही परत आलं नाही. मला वाटतं, "तुझंच खरं हुतं" असंही काहीतरी ते पुटपुटले. पण ते मी ऐकलं नाही असं आमच्यात ठरलेलं आहे.

रामलिंगाच्या वरच्या माळावर, जिथनं खालची झाडी दिसते, तिथं मोटार थांबली. कशी थांबली, तेही कळलं नाही. अप्पा चाक धरून तसेच बसले. उतरेनात.

"डायवर," ते म्हणाले, "तू जा. पंचा कोरडा हाय का बघ."

पंचा अंथरलाच नव्हता. पण मी गेलो. पडदा सारला. काकूंचे डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, खिडकीतनं ऊन गालावर. मी त्यांच्या नाकाशी बोट धरायला वाकलो. तेवढ्यात कुठंतरी मोर ओरडला आणि काकूंनी डोळे किलकिले केले.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पुढं अप्पांना ऐकू जावं. "काकू! आलं रामलिंग! रस्त्यानं काय काय बघितलं?"

काकूंनी खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एक जांभई दिली.

"काय की बाबा," त्या म्हणाल्या. "मला झोप लागली हुती."